सासूबाईंचा गुडघा, गूगल आणि आपण: प्रायव्हसीची अपेक्षा ठेवायची तरी किती?

पळसफूल (धागाकर्ती, नागपूर)

मंडळी, प्रश्न तांत्रिक आहे की घरगुती हे मलाच कळेना, म्हणून इथे टाकते.

मागच्या मंगळवारी सासूबाईंना (वय ७८) गुडघ्याच्या एक्स-रेसाठी रामदासपेठेत घेऊन गेले होते. काउंटरवरच्या मुलीने एक जाडजूड वही पुढे सरकवली. नाव, वय, पत्ता, मोबाईल, कशासाठी आलात, कोणत्या डॉक्टरांनी पाठवलं. वरच्या ओळींत आधीच्या नऊ-दहा पेशंटांची कुंडली उघडी पडलेली. त्यातली एक बाई आमच्याच गल्लीतली निघाली. तिला काय झालंय हे बहुतेक तिच्या सासरी कळायच्या आधी मला कळलं. रिपोर्ट व्हॉट्सॲपवर येणार म्हणून मी सासूबाईंचाच नंबर लिहिला.

संध्याकाळी सहाला घरी चहा उकळत होता, एक्स-रेचं पाकीट अजून फ्रिजवरच होतं, आणि सासूबाईंना फोन. "आजी, गुडघा बदलायचा विचार करताय का? आमच्याकडे पॅकेज आहे." हॉस्पिटल असं, की ज्याची पायरी आमच्या घरातलं कोणी कधी चढलेलं नाही.

घरात लगेच तीन पक्ष झाले. मुलगा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. तो म्हणतो, "फोन सगळं ऐकतो, आई. गूगल सोड, फोटो घरच्या सर्व्हरवर ठेवू." नवरा म्हणतो, "आपल्याकडे लपवण्यासारखं आहे काय? भरल्या वांग्याचे फोटो?" सासूबाई म्हणतात, मुलगी गोड बोलत होती.

मला दोन्ही टोकं पटत नाहीत. सगळं सोडून देणं जमणार नाही, सगळं वाऱ्यावर टाकवतही नाही. साध्या माणसाने किती अपेक्षा ठेवायची? आणि या कंपन्यांवर विश्वास ठेवायचा म्हणजे नेमका कशावर?

---

तर्रीवाला

काहून एवढं मनावर घेता ताई? मी सकाळी तर्री पोहे हाणले की दुपारी मले ॲसिडिटीच्या गोळ्यांची जाहिरात येते. फोन नाही, माझं पोटच ऐकून राहिला तो.

वाचतो आहे. धागा चांगला आहे.

---

शून्यमैल

मिहानमध्ये सॉफ्टवेअरचं काम करतो. त्याआधी चार वर्षं पुण्यात ऑनलाइन जाहिरातींच्या धंद्यात होतो, म्हणजे पापात माझाही वाटा आहे.

आधी चिरंजीवांचं. फोन चोरून ऐकतो का, हे अमेरिकेतल्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी तपासलं होतं. निष्कर्ष २०१८ मध्ये आले. १७ हजारांहून जास्त अँड्रॉइड ॲप पाहिली. गुपचूप माइक चालू करून आवाज बाहेर पाठवणारं एकही सापडलं नाही. सापडलं ते भलतंच: काही ॲप आपण स्क्रीनवर काय करतो त्याचे फोटो आणि व्हिडिओ काढून तिसऱ्याच कंपनीला पाठवत होती.

ऐकायची गरजच पडत नाही हो. तुमचा फोन पाऊण तास एक्स-रे सेंटरमध्ये थांबला. आदल्या रात्री घरच्या वायफायवरून कोणीतरी 'गुडघेदुखी घरगुती उपाय' शोधलं. शेजारणीने तिच्या फोनबुकात तुमचा नंबर कुठल्या नावाने ठेवलाय, तेही कॉलरचं नाव दाखवणाऱ्या ॲपला तिनेच देऊन टाकलंय. तुम्हाला विचारलंय कोणी?

जाहिरातीचा लिलाव कसा चालतो ते आपल्या कळमना मार्केटच्या भाषेत सांगतो. संत्र्याचा ढीग मांडला की दहा व्यापारी हात घालून माल बघतात. घेतो एकच, पण बघितलेला असतो दहाही जणांनी. तुम्ही बातम्यांचं पान उघडता तेव्हा डोळ्याची पापणी लवायच्या आत असाच लिलाव होतो, फक्त ढीग तुमचा असतो: कोणता फोन, साधारण कुठला भाग, कोणतं पान, जाहिरात आयडी (जाहिरातींसाठी फोनला दिलेला ओळख क्रमांक). जाहिरात एकाची लागते, पण हरलेल्यांनीही माल बघून घेतलेला असतो, आणि त्यातले काही जण फक्त बघायलाच येतात.

एवढं सगळं सांगितल्यावर आता खरं. तुमच्या किश्श्यात यातलं काहीच घडलेलं नाही. तो फोन वहीतून आला. पानाचा मोबाईलने फोटो काढला, कोणाला तरी पाठवला, नंबरामागे काही रुपये सुटले. गूगलला यात उगाच ओढू नका, त्याची स्वतःची पापं पुरेशी आहेत.

---

जुनं_खोड

शून्यमैल, वहीबद्दल शंभर टक्के सहमत. माझा अनुभव सांगतो. बँकेतून रिटायर होऊन आता सहा वर्षं झाली.

नोकरीत असतानाची गोष्ट. बर्डीवर फुटाणे घेतले. खाऊन झाल्यावर पुडी उलगडली (वाचायची जुनी सवय), तर आत पासपोर्ट साइज फोटोची झेरॉक्स. काळाकुट्ट चेहरा, खाली सही, पॅन नंबर, जामीनदाराचं नाव, आणि महिन्याचं उत्पन्न निळ्या शाईने खोडून परत लिहिलेलं. छापील मजकुराची ठेवण पाहूनच ओळखलं, कर्जाचा अर्ज होता. आमच्या शाखेचा नव्हता, पण आमच्या शाखेची जुनी रद्दी बाहेर जायची तेव्हा त्या नोंदीवर सही माझीच असायची, आणि ती पुढे कुठे जाते हे मी एकदाही विचारलं नव्हतं.

परत जाऊन फुटाणेवाल्याकडचा तो सगळा गठ्ठा ४० रुपयांना विकत घेतला. घरी आणून गच्चीवर जाळला. बायको म्हणाली, आज होळी आहे का?

तेव्हा मुलांनो, हॅकर वगैरे ठीक आहे. झेरॉक्सच्या दुकानातल्या कंप्युटरवर 'डाउनलोड' नावाचा फोल्डर एकदा उघडून बघा. आख्ख्या मोहल्ल्याचे आधार असतात त्यात. व्हॉट्सॲपवर पाठवून प्रिंट घेतली की तुम्ही पाच रुपये देऊन निघता, फाइल तिथेच मुक्कामाला राहते.

जमतं तिथे मास्क्ड आधार द्या. त्यात पहिले आठ आकडे झाकलेले असतात. गंमत आठवत असेल: मे २०२२ मध्ये आधारच्या बेंगळुरू कार्यालयाने 'आधारची झेरॉक्स कोणालाही देऊ नका' असं पत्रक काढलं. लोक घाबरले. दोनच दिवसांत पत्रक मागे, 'गैरसमज होऊ शकतो' म्हणून. बरोबर सल्ला दिल्याबद्दल माघार घ्यावी लागली, असं मी तरी पहिल्यांदाच पाहिलं.

---

बिनधास्त_भाऊ

धागाकर्तीच्या मिस्टरांना +१. आपण असे कोण लागून गेलो? अमेरिकेत बसलेला माणूस माझी खर्ऱ्याची उधारी बघत बसणार आहे का? फुकट नकाशा, फुकट ईमेल, फुकट व्हिडिओ मिळून राहिले, थोडी माहिती गेली तर गेली. उगाच बाऊ.

---

मैत्रेयी_ध

बिनधास्तभाऊ, अमेरिकेतल्या माणसाची भीती मलाही नाही. माझी भीती चौकातल्या माणसाची आहे.

कॉलेजच्या पहिल्या वर्षी धरमपेठेत एका घरात पेइंग गेस्ट होते. रिचार्ज कोपऱ्यावरच्या दुकानात करायचा. त्याच्याकडे पण वहीच, नंबर लिहायचा आणि पैसे द्यायचे. तिसऱ्या महिन्यात अनोळखी नंबरवरून 'आज पिवळा ड्रेस छान दिसत होता' असे मेसेज. ब्लॉक केला की दुसरा नंबर. चार महिने चाललं. दुकानदाराला विचारलं तर म्हणाला, "वही इथंच पडून असते ताई, कोणी बघितली असेल." शेवटी नंबर मीच बदलला. बँक, कॉलेज, घरचे, सगळ्यांना नवा नंबर मीच कळवत बसले. त्याचं काय गेलं?

लपवण्यासारखं माझ्याकडे तेव्हाही काही नव्हतं. एक पिवळा ड्रेस होता.

---

बिनधास्त_भाऊ

मैत्रेयीताई, हे असं डोक्यातच नव्हतं आलं. माफी. वरचा 'बाऊ' शब्द मागे घेतो. उधारीचं मात्र कायम.

---

कोर्टकचेरी

सिव्हिल लाइन्सला प्रॅक्टिस करते. कायद्याचा विषय निघणारच होता, तेव्हा थोडं.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. त्या नऊ जणांत आपल्या नागपूरचे शरद बोबडे होते, जे पुढे सरन्यायाधीश झाले. त्यांनी स्वतंत्र निकालपत्र लिहिलंय, वेळ असेल तर जरूर वाचा.

हक्क मिळाला, कायद्याला सहा वर्षं लागली. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला, नियम यायला नोव्हेंबर २०२५ उजाडला, आणि कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला तिथून पुढे दीड वर्षाची मुदत. माझ्याकडे कोणी आलं की तीन गोष्टी आधीच सांगते, म्हणजे नंतर भ्रमनिरास नको.

दंड २५० कोटींपर्यंत होऊ शकतो, पण तो सरकारी तिजोरीत जातो. ज्याची माहिती फुटली त्याला त्यातला रुपया नाही. उलट आयटी कायद्यात नुकसानभरपाईचं ४३अ हे जे कलम होतं, तेच या कायद्याने काढून टाकायची तरतूद केली आहे. दुसरं, सरकारला सवलती भरपूर. आणि तिसरं खास पळसफूल यांच्यासाठी: हा कायदा डिजिटल माहितीला लागू आहे. कागदावरची माहिती पुढे कंप्युटरवर चढवली तरच ती कायद्याच्या कक्षेत येते. म्हणजे तुमच्या सासूबाईंचा गुडघा वहीत आहे तोवर कायद्याबाहेर, आणि पानाचा फोटो निघाला की कायद्याच्या आत. आता तो फोटो निघाला हे सिद्ध कोण करणार, ते मला विचारू नका.

एक मात्र लगेच वापरता येण्यासारखं आहे. दुकानात बिल करताना मोबाईल नंबर सक्तीने मागू नये, अशी सूचना केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने मे २०२३ मध्येच दिली आहे. "नंबर नाही देत, बिल द्या" एवढंच म्हणायचं. कॅशियर जरा तोंड वाकडं करतो. चालतं.

---

घरचा_सर्व्हर

पळसफूलताई, चिरंजीवांना माझा नमस्कार सांगा आणि ही पोस्ट वाचायला द्या. नाव बघून समजलं असेलच, मी त्याच वाटेने गेलेलो आहे.

तीन वर्षांपूर्वी डोक्यात भरलं की गूगलकडे आपला एकही फोटो नको. छोटा कंप्युटर घेतला, दोन हार्डडिस्क लावल्या, रात्र-रात्र जागून सगळं बसवलं. बायकोच्या फोनमधले फोटो आपोआप घरच्या डब्यात येऊन पडायचे. कॉलर एकदम टाइट. मित्रांना बोलावून दाखवायचो.

डबा कुठे ठेवला? हॉलमध्ये टीव्हीमागे. खिडकीत कूलर. मे महिना, बाहेर ४५, कूलरच्या ओल्या हवेचा झोत बरोबर त्या कोपऱ्यात, वरून दिवसातून चार वेळा लाइट जाणार. एक डिस्क आधीच मेली होती, आणि तिने तसं ईमेलने कळवलंही होतं. पण ते ईमेल येत होतं मी त्याच कामासाठी काढलेल्या आणि कधीच न उघडलेल्या पत्त्यावर. जूनच्या पहिल्या आठवड्यात दुसरीही गेली. डेटा काढून देणाऱ्याने डिस्क कानाशी धरली आणि म्हणाला, "भाऊ, आतमध्ये गंज आहे."

पुतण्याची मुंज आणि माझ्या आईचा शेवटचा वाढदिवस त्यात होता. मुंजीचे फोटो नातेवाइकांकडून गोळा केले, व्हॉट्सॲपवरून आलेले, पुसट. आईचे फक्त तीन मिळाले.

गूगलपासून फोटो वाचवले आणि माझ्या स्वतःपासून वाचवता आले नाहीत. आता फोटो पुन्हा क्लाउडवर आहेत, शिवाय एक डिस्क दर दिवाळीत भरून बहिणीकडे अमरावतीला ठेवतो. आधार-पॅन, मेडिकल फाइली, मृत्युपत्र यातलं काही मात्र क्लाउडवर नाही. बायको म्हणते आता कुठे माणसात आलास.

---

तर्रीवाला

भाऊ, आईच्या फोटोचं वाचून गप्प बसलो. बाकी काही म्हणत नाही.

---

ॲपलवाला_सदर

एवढा त्रास कशाला? सरळ आयफोन घ्या. पैसे मोजा, प्रायव्हसी घ्या. विषय संपला.

---

शून्यमैल

ॲपलवाले, थोडं बरोबर आहे. एप्रिल २०२१ पासून आयफोनवर ॲपला 'माग काढू का?' असं विचारावं लागतं, आणि बहुतेकांनी 'नाही' दाबल्यावर फेसबुकने २०२२ मध्ये १० अब्ज डॉलरचा फटका बसेल असा अंदाज दिला होता. म्हणजे बटण खरं आहे. पण हीच ॲपल आयफोनवर गूगलचं सर्च आधीपासून लावून ठेवण्याबद्दल गूगलकडून पैसे घेते. अमेरिकेतल्या खटल्यात २०२२ या एका वर्षाचा आकडा बाहेर आला, २० अब्ज डॉलर. सिरीची (आयफोनमधली बोलून कामं सांगायची सोय) रेकॉर्डिंग कंत्राटी माणसं ऐकत होती, ते २०१९ मध्ये उघड झालं आणि त्या दाव्यात पुढे साडेनऊ कोटी डॉलर मोजावे लागले. देव कोणीच नाही.

धागाकर्तीचा दुसरा प्रश्न राहिलाच होता, विश्वास कशावर ठेवायचा. माझं मत सांगतो, पटलं नाही तर सोडून द्या. कंपनीच्या शब्दावर ठेवू नका, तिच्या पोटावर ठेवा. म्हणजे तिचं पोट कशावर चालतं ते बघा. गूगलच्या पालक कंपनीची सुमारे तीन-चतुर्थांश कमाई जाहिरातींची, मेटाची (फेसबुकची मालक कंपनी) जवळजवळ सगळीच. त्यामुळे गूगल माझे फोटो हॅकरपासून सांभाळेल यावर माझा पूर्ण विश्वास आहे, त्याचा धंदाच त्यावर उभा आहे. पण मी कुठे कुठे गेलो हे तो विसरून जाईल, यावर नाही. लोकेशनची नोंद बंद केल्यावरही दुसऱ्या सेटिंगमधून ती होत राहायची, म्हणून त्याने २०२२ मध्ये अमेरिकेतल्या ४० राज्यांना मिळून ३९ कोटी डॉलरच्या वर दिलेत. सांभाळणं आणि न बघणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपण एकाच शब्दात दोन्ही मागतो.

आणि शब्द देणारा माणूस उद्या तिथे असेल का, तेही बघावं. व्हॉट्सॲपवाल्यांना जाहिरातींचा मनस्वी तिटकारा होता. २०१४ मध्ये फेसबुकने ते विकत घेतलं, तेव्हा दोन्हीकडची खाती आपोआप जोडता येणार नाहीत असं युरोपला सांगितलं. २०१६ मध्ये जोडायला सुरुवात झाली, २०१७ मध्ये युरोपने त्याबद्दल ११ कोटी युरोचा दंड लावला. त्याच वर्षी संस्थापकांपैकी ब्रायन ॲक्टन बाहेर पडला, पुढच्या वर्षी दुसरा, यान कूमही. मेसेज आजही बंद पाकिटातच जातात, ते खोटं नाही. पण पाकीट कोणी कोणाला कधी टाकलं हे पोस्टमनला दिसतंच. आणि चॅटच्या बॅकअपला वेगळं कुलूप लावायची सोय २०२१ पासून आहे, ती आपली आपण चालू करावी लागते. या धाग्यावर किती जणांनी केली आहे? हात वर.

---

जुनं_खोड

हात खाली.

---

मैत्रेयी_ध

खाली. आत्ताच केली. पासवर्ड विसरलात तर काहीच परत मिळणार नाही, अशी धमकी देतंय. कागदावर लिहून डब्यात ठेवलाय. फुटाण्याच्या पुडीत जाऊ नये म्हणजे मिळवली.

---

कोर्टकचेरी

अवांतर, पण राहवत नाही. शून्यमैल, ते व्हॉट्सॲपचं प्रकरण भारतातही झालं. २०२१ च्या 'मान्य करा नाहीतर निघा' धोरणाबद्दल स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मेटाला २१३ कोटींचा दंड केला. गंमत अशी की खटला खासगीपणाचा नव्हता, बाजारातल्या दादागिरीचा होता. आपल्याकडे खासगीपणाला अजून तरी असंच मागच्या दाराने यावं लागतं.

---

पळसफूल

सगळ्यांचे आभार. उशिरा लिहिते आहे, मध्ये सासूबाईंचं दुसऱ्या गुडघ्याचंही निघालं.

घरचा_सर्व्हर यांची पोस्ट मुलाने दोनदा वाचली. काही बोलला नाही, पण कूलर दुसऱ्या खिडकीत हलवला. सर्व्हरचा विषय सध्या बंद आहे. नवऱ्याला मैत्रेयीची पोस्ट दाखवली. त्याने त्याच्या फोनमधून तीन ॲप काढली. एक तर टॉर्चचं होतं, त्याला कॉन्टॅक्ट्सची परवानगी दिलेली. टॉर्च कोणाला फोन लावणार होता?

आता एक्स-रे सेंटर. शुक्रवारी परत जावं लागलं. तीच वही. या वेळी मी म्हटलं, वरच्या ओळी झाका. मुलीने मान वर करून पाहिलं, मग एका औषधाचं कॅलेंडर उलटं करून वरच्या पेशंटांवर ठेवलं. मोबाईलच्या रकान्यात मी घरचा जुना लँडलाइन लिहिला, जो आठ वर्षांपूर्वी बंद झाला. ती म्हणाली, "मॅडम, यावर रिपोर्ट येणार नाही." म्हटलं, मी येऊन घेऊन जाईन. शनिवारी भर उन्हात ऑटोने गेले आणि आले. दीडशे रुपये गेले. एका गुडघ्याच्या प्रायव्हसीचा आजचा भाव कोणाला हवा असेल तर हा आहे. मी निघाले तेव्हा कॅलेंडर परत भिंतीवर होतं आणि पुढचा पेशंट माझी ओळ वाचत होता.

हे सगळं करून मोठ्या तोऱ्यात घरी आले, तर सासूबाई फोनवर. तीच पॅकेजवाली मुलगी. आता रोज दुपारी साडेतीनला फोन येतो म्हणे. मुलगी मूळची आर्वीची, लग्न व्हायचंय, सुपरवायझर त्रास देतो. आणि मी चप्पल काढेपर्यंत सासूबाईंनी तिला आमचा फ्लॅट नंबर, माझ्या नवऱ्याच्या ऑफिसची वेळ आणि नातवाची पत्रिका, एवढं सगळं सांगून झालं होतं.

ऑपरेशन करायचं नाही, हे मात्र त्यांनी तिला अजून सांगितलेलं नाही. म्हणतात, सांगितलं तर ती फोन करायची बंद होईल.